बियाणे पारखता, मग कॉलेज का पारखत नाही?



जून लागला की आपल्या घरात दोन पेरण्या एकाच वेळी येऊन उभ्या राहतात. एक रानातली, दुसरी पोरांच्या शिक्षणाची. मृग निघालेला असतो, बियाण्याची पिशवी आणायची असते, खताची गोणी उचलायची असते. नेमके त्याच दिवसांत बारावी झालेला मुलगा नाही तर मुलगी समोर येऊन विचारते, "बाबा, फॉर्म कुठला भरू?"

पहिल्या पेरणीची आपण किती चौकशी करतो ते आठवा. नऊशे रुपयांची सरकीची पिशवी घ्यायची तर चार गावे विचारतो. गेल्या साली कोणाच्या रानात लावली होती? बोंडे किती धरली? अळी कितपत आली? वेचायला सुटसुटीत आहे का? बरड रानात तग धरेल, की तिला भारी काळीच लागते? दुकानदार म्हणतो म्हणून कोणी पिशवी उचलत नाही.

दुसऱ्या पेरणीत आपण दोन-चार लाख घालतो. तिथे काय विचारतो? "पाटलाचा पोरगा कुठे गेला?" पाटलाचा पोरगा जिथे गेला तिथे आपला. नाही तर मोठी कमान, रंगवलेली इमारत आणि गुळगुळीत कागदाचे माहितीपत्रक पाहून आपण भुलतो. नऊशे रुपयांसाठी चार गावे पालथी घालणारा माणूस चार लाखांसाठी एक फोनसुद्धा करत नाही. आज मला या विषयावर लिहायचे आहे.

घरातला दाखला

लोकांचे सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. २००९ साली माझा थोरला मुलगा बारावी झाला. तेव्हा आमच्या भागात डी.एड.ची लाट होती. डी.एड. झाला की मास्तर, मास्तर झाला की पगार, पगार सुरू झाला की सोयरिकीला दारात रांग. गुणवत्ता यादीत त्याचे नाव लागले नाही. मग एका खाजगी संस्थेत व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा मिळवली. फीशिवाय वरचे पैसे रोख मोजले. पावती मागितली तर समोरचा नुसता हसला. या सगळ्यासाठी रस्त्याकडचे दोन एकर विकले. मुलाने कष्ट केले, २०११ साली चांगल्या गुणांनी पास झाला.

त्याच साली ऑक्टोबरात सरकारने राज्यभर शाळांची पटपडताळणी केली. कागदावरची मुले वर्गात सापडली नाहीत, शिक्षक जादा ठरले, आणि मे २०१२ मध्ये सरकारने शिक्षकभरती थांबवली. पुढे २०१३ साली टीईटी आली, २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, मग पवित्र पोर्टल आले. परीक्षा वाढत गेल्या, जागा त्या मानाने थोड्या निघाल्या आणि उमेदवार मात्र लाखांनी. माझा मुलगा आज पस्तिशीला टेकला आहे. तालुक्याला एका कृषी केंद्रात काउंटरवर उभा राहतो. जे दोन एकर गेले, ते चौपट पैसे दिले तरी आज परत मिळायचे नाहीत.

यात मुलाची चूक काय? काही नाही. चूक माझी. ज्या साली सारे शिवार एकच पीक पेरते त्या साली मोंढ्यात भाव पडतो, ही गोष्ट मला तुरीत कळते, सोयाबीनमध्ये कळते. डी.एड.मध्ये कळली नाही. दर तालुक्याला नवे अध्यापक विद्यालय निघत होते, तेव्हाच आवक किती होणार आणि खरीददार किती, हा हिशेब करायला हवा होता. तिथे तर खरीददार एकच होता, सरकार. एकच खरीददार असला म्हणजे माल पिकवणाऱ्याचे काय होते, हे कापूसवाल्यांना कोणी नव्याने शिकवायला नको.

इंजिनियरिंगचेही असेच झाले. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली. खेड्यातल्या पोरांना एक वाट मोकळी झाली, हे नाकारता येत नाही. पण पुढे कॉलेजे ज्या वेगाने वाढली त्या वेगाने कामे वाढली नाहीत. २०१० नंतरच्या वर्षांत हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या, काही कॉलेजांना कुलपे लागली. ज्याने त्यात जमीन घातली, त्याला त्या कुलपाची किल्ली कोणी दिली नाही.

'शेती नको' हे ध्येय नव्हे

गावात कोणत्याही बापाला विचारा, पोराला काय करायचे आहे? उत्तर ठरलेले. "काहीही करो, शेती नको." यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या धंद्यात घातलेले निघत नाही त्या धंद्यातून पोराला बाहेर काढावे असे वाटणे हा शहाणपणाच आहे. पण भावांनो, हे गाऱ्हाणे झाले, ध्येय नव्हे. दावे सुटले म्हणजे बैल बाजारात पोचला असे होत नाही. कुठे जायचे ते ठरवावे लागते, आणि ते ठरल्याशिवाय कोणते कॉलेज चांगले या प्रश्नाला काही अर्थच नाही. मालदांडी चांगली की संकरित ज्वारी, असे कोणी विचारले तर आपण उलट विचारतो, "खरिपात पेरायची की रब्बीत? रान कसले? कडबा पाहिजे का?" कॉलेजचेही तसेच आहे. तेव्हा आधी पोराला समोर बसवा आणि त्याला बोलू द्या. मग खालच्यापैकी काय आहे ते ओळखा.

लवकर कमाई हवी असेल, घरात कर्ज असेल, हाताला काम करण्याची आवड असेल, तर आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांच्याकडे नाक मुरडू नका. आयटीआयचे व्यवसाय एक किंवा दोन वर्षांचे असतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पुढे शिकाऊ उमेदवारी, तीही विद्यावेतनासह. महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीला इलेक्ट्रिशियन नाही तर वायरमनचाच आयटीआय लागतो. तिथे बी.ए.ची पदवी कामाची नाही. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतनची पदविका केली तर पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट असते. म्हणजे हा रस्ता छोटा असला तरी बंद गल्ली नाही. मधल्या थांब्यावर उतरून कमावता येते आणि पुन्हा गाडीत बसता येते. कोरडवाहू घराला अशीच वाट झेपते.

स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर डोके थंड ठेवा. राज्यसेवेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. ती कोणत्या कमानीखाली मिळाली हे कोणी विचारत नाही. तालुक्याच्या अनुदानित कॉलेजची पदवी चालते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते, आणि ती घरचे काम सांभाळून घेता येते. मग वाचलेला पैसा पुस्तकांवर घाला. आणि एक कलम आधीच घरात लिहून ठेवा, किती वर्षे प्रयत्न करायचा. पुण्यातल्या खोल्यांमधून तिशी उलटलेली आपली पोरे बसली आहेत. त्यांना परत या म्हणायला बापाची जीभ वळत नाही आणि पैसे पाठवायला हात पुरत नाही.

डॉक्टर, इंजिनियर व्हायचे असेल तर सरकारी कॉलेजची जागा ही बागायती, विनाअनुदानित जागा ही कोरडवाहू. पिकते दोन्हीकडे, पण दुसरीकडे भरवसा कमी आणि खर्च जास्त. खाजगीत उत्तम चालणारी कॉलेजेही आहेत, पण ती गुण मागतात. जे कॉलेज गुण विचारत नाही आणि फक्त पैसे विचारते, त्याची पदवी पुढे नोकरी देणाराही विचारत नाही.

कृषी पदवी कशासाठी?

आता आपल्या जवळचा विषय. कृषी महाविद्यालय. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. विद्यापीठे पुढे आली, राहुरीचे १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, परभणीचे आणि दापोलीचे १९७२ साली. ज्या नांदेड-४४ कपाशीने एके काळी आपली राने पांढरी केली, ते वाण परभणीच्या विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून आले. म्हणजे जिथे संशोधन चालते, जिथे विद्यापीठाचे स्वतःचे प्रक्षेत्र आहे, तिथे शिकणाऱ्याला काही तरी डोळ्यांनी पाहायला मिळते. म्हणून विचारा, कॉलेज विद्यापीठाचे घटक आहे की नुसते संलग्न? घटक कॉलेज विद्यापीठ स्वतः चालवते, फी कमी असते. संलग्न कॉलेजे बहुतेक खाजगी, विनाअनुदानित. त्यांतही चांगली आहेत. पण काही ठिकाणी प्रक्षेत्र म्हणजे फाटकाजवळची पाटी आणि पाटीमागे गाजरगवत. जाऊन बघा. रान पाहून ओळखायला आपल्याला कोणा प्राध्यापकाची गरज नाही.

पण त्याआधीचा प्रश्न मोठा आहे. पोराला कृषी पदवी कशासाठी पाहिजे? बँकेत कृषी अधिकारी व्हायचे आहे, कृषी खात्यात जायचे आहे, बियाणे कंपनीत जायचे आहे, पुढे संशोधन करायचे आहे, तर पदवी पाहिजेच. कृषी सेवकाच्या भरतीला मात्र दहावीनंतरची कृषी पदविकाही चालते. ती कमी खर्चात होते, हे कितीजणांना ठाऊक आहे?

पण "पोरगा पदवी घेऊन येईल आणि शेती सुधारेल" एवढ्या आशेवर चार वर्षे आणि चार लाख घालणार असाल, तर थांबा. मातीचे शास्त्र कळले म्हणून मातीचा भाव बदलत नाही. एकरी चार क्विंटलचा पाच क्विंटल कापूस पदवीने होईलही, पण भाव पडल्यावर त्या पाचव्या क्विंटलचे काय होते ते आपण पाहिले आहे. शेती तोट्यात आहे ती शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून नव्हे. ज्याला शेतीतच राहायचे आहे त्याने माल विकण्याचे, हिशेबाचे, यंत्रदुरुस्तीचे शिक्षण घ्यावे. वाणिज्य शाखेचा पदवीधर किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकचा आयटीआय झालेला पोरगा गावात राहून चार पैसे जोडू शकतो. आपण त्याला कमी लेखतो, कारण लग्नपत्रिकेत नावापुढे लिहायला त्याच्याकडे दोन अक्षरे नसतात.

फी रुपयात मोजू नका, कापसात मोजा

आता पैशाचे बोलू. फीचा आकडा रुपयात ऐकला की तो हलका वाटतो. तो कापसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. वर्षाला एक लाख फी म्हणजे सव्वाबारा क्विंटलहून जास्त कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरा, म्हणजे तीन एकरांचा अख्खा कापूस. बियाणे, खत, फवारणी, निंदणी, वेचणी यांचा एक पैसा वजा न करता, आणि हमीभाव खरोखर पदरात पडला असे धरून. त्यात खोलीभाडे, खानावळ, पुस्तके आली नाहीत. पाच एकरांच्या धन्याने ही पावती चार वर्षे कशी फाडायची?

म्हणून कॉलेजची मालकी आणि कायदा समजून घ्या. सरकारी आणि अनुदानित कॉलेजात शिक्षकांचा पगार सरकार देते, त्यामुळे फी कमी. विनाअनुदानित कॉलेजात सारा खर्च फीतून निघतो. पण तिथलीही व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी संस्थेने मनाला येईल ती घ्यायची नसते. २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमले आहे, ते ठरवेल ती फी. त्यावरचा पैसा म्हणजे देणगी, आणि प्रवेशासाठी अशी देणगी घेण्याला महाराष्ट्रात १९८७ सालापासून कायद्याने बंदी आहे. मी २००९ साली दिली तेव्हाही हा कायदा होता. मला माहीत नव्हता. तुम्हाला आज माहीत झाला आहे. स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठे आणि अभिमत विद्यापीठे यांचा मामला आणखी वेगळा. त्यांची फी मोठी आणि सरकारी सवलतींपैकी बऱ्याच तिथे मिळत नाहीत.

सवलतीचे दार एकच आहे, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरते. विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा भरते. अट एवढी की प्रवेश या प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून गेलात, खाजगी विद्यापीठात गेलात, की सवलत गेली. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क योजना आहे. अल्पभूधारकांच्या मुलामुलींना पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना तर आधीपासूनच आहेत. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला हे कागद उन्हाळ्यातच काढून ठेवा. पेरणीच्या दिवसांत तहसीलच्या रांगेत उभे राहिलात तर दोन्ही पेरण्या हुकतील. आणि कर्ज काढायचेच असेल तर शैक्षणिक कर्ज काढा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये असा नियम आहे. सात-बारा सावकाराच्या पेटीत ठेवू नका.

पुतणीची गोष्ट

यंदा आमच्या धाकट्या भावाची मुलगी बारावी झाली. तिला विचारले, काय करायचे? पोरगी म्हणाली, "मोठे बाबा, मला मातीपाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायचे आहे." एवढे स्पष्ट उत्तर माझ्या घरात पहिल्यांदा ऐकले. त्या एका वाक्याने निम्मे काम झाले. कृषी विद्यापीठाचे घटक कॉलेज पहिल्या पसंतीला, ते नाही मिळाले तर जिल्ह्याच्या अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. तिसरी पसंती भरायची गरज पडली नाही.

पण एका खाजगी विद्यापीठाचा माणूस भावाला दिवसातून दोनदा फोन करतो. जागा संपत आल्या आहेत, आजच पन्नास हजार भरून टाका, म्हणतो. परवा रात्री जेवताना भाऊ म्हणाला, "नाल्याकडचा एकर काढून टाकू का? पोरीचे वर्ष वाया जायला नको." कोणी काही बोलले नाही. तेव्हा माझा थोरला, तोच डी.एड. झालेला, ताटावरून मान वर न करता म्हणाला, "काका, आधी यादी लागू द्या. एकर कुठे पळून जात नाही. गेला की मात्र येत नाही." तिचे सगळे फॉर्म त्यानेच भरले आहेत. त्या बोलण्यात त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पण मला घास गिळवेना.

आपल्या हातातले काम

सरकारने काय करावे याची यादी मोठी आहे, ती बैठकीत होईलच. पण एक काम आपल्या हातातले आहे, आणि त्याला कोणाचीही मंजुरी लागत नाही. प्रत्येक गावाने एक वही करावी. गेल्या दहा वर्षांत गावातली कोणती मुले-मुली कोणत्या कॉलेजात गेली, कोणत्या मार्गाने गेली, एकूण किती खर्च आला, जमीन विकली का, आज काय करतात आणि काय कमावतात, एवढेच लिहायचे. ज्यांचे जमले त्यांचे लिहा, ज्यांचे फसले त्यांचेही लिहा. फसल्याचे लिहायला लाजू नका, माझ्या वहीचे पहिले पान माझ्याच घराचे आहे. बियाणे फसले तर आपण चावडीवर ओरडून सांगतो. पोराचे कॉलेज फसले तर घराची इज्जत म्हणून झाकून ठेवतो, आणि पुढच्या साली शेजारी त्याच खड्ड्यात पडतो.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना ही वही आणा. पन्नास गावांच्या वह्या एकत्र झाल्या तर कोणत्या कमानीखाली काय पिकते हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा स्वच्छ दिसेल. तोवर तीन गोष्टी पाळा. पोराचे ध्येय त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय फॉर्म भरू नका. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. आणि यादी लागल्याशिवाय सात-बाऱ्याला हात लावू नका.